ओहायो स्टेट २०२४: शेजाऱ्याकडे यंदा लग्न जोरात आहे

निळीशाई | १८ ऑगस्ट २०२४, सकाळी ९:४०

मंडळी, अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या हंगामाला तेरा दिवस उरले. दरवर्षी मी आमच्या मिशिगन विद्यापीठाच्या संघाचा धागा काढतो, यंदा हाडवैरी ओहायो स्टेट विद्यापीठाचा काढतोय. आपल्या घरात काय शिजतंय यापेक्षा शेजारच्या मांडवातून येणारा वास जास्त छळतो, म्हणून.

आधीच सांगतो, मी ॲन आर्बरचा, म्हणजे मिशिगन विद्यापीठाच्या गावचा. दोन वर्षं शिकलो तिथे आणि उरलेलं आयुष्य त्याचंच कौतुक करतोय. तेव्हा निःपक्षपातीपणा शोधू नये.

तर वऱ्हाड बघा. एकट्या अलाबामा विद्यापीठाच्या संघातून तिघं आणले: सेफ्टी (मागची राखण करणारा) केलेब डाउन्स, सेंटर (लाइनच्या मधला) सेथ मक्लॉफ्लिन आणि पोरसवदा क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा सूत्रधार) ज्युलियन सेयिन. मिसिसिपीतून रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा) क्विनशॉन जडकिन्स. कॅन्सस स्टेटमधून क्वार्टरबॅक विल हॉवर्ड. फ्लोरिडातून जेरेमाया स्मिथ नावाचा रिसीव्हर (पास झेलणारा), देशातल्या शाळकरी खेळाडूंत पहिल्या क्रमांकाचा. वर जे एनएफएलला, म्हणजे व्यावसायिक लीगला, निघून जातील म्हणून आम्ही देव पाण्यात घालून बसलो होतो, ते इग्बुका, हेंडरसन, सॉयर, तुइमोलोआऊ सगळे थांबले. चिप केलीने तर यूसीएलएचं मुख्य कोचपद सोडून यांच्याकडे मुख्य कोच रायन डेच्या हाताखाली काम धरलं. एकेकाळी न्यू हॅम्पशायरला हाच केली डेला शिकवत होता. गुरुजी शिष्याकडे नोकरीला.

त्यांचे नवे ॲथलेटिक डायरेक्टर म्हणतात संघावर दोन कोटी डॉलरच्या आसपास खर्च झालाय. एपी वृत्तसंस्थेच्या क्रमवारीत जॉर्जिया पहिली, हे दुसरे. आम्ही नववे, आणि ते गेल्या वर्षीच्या पुण्याईवर.

तरी माझं मत असं. लग्नात फोटो नवरा-नवरीचे निघतात, पण पंगत चालते वाढप्यांवर. फुटबॉलमधले वाढपी म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइनचे, क्वार्टरबॅकपुढे भिंत धरणारे, पाच जण. तिथे, विशेषतः उजव्या बाजूला, मला अजून भरवसा वाटत नाही. नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी आमच्याशी सामना असतो, तेव्हा थंडीत समोर आमचे मेसन ग्रॅम आणि केनेथ ग्रँट उभे राहिले की दोन कोटींचं काय होतं ते बघू.

तुमचे अंदाज टाका. शिव्याही चालतील, पण मराठीत.

बकायभाऊ | १८ ऑगस्ट, सकाळी १०:०५

आली का पोटदुखी? अजून नाणेफेकही झाली नाही!

डब्लिन, ओहायोहून (कोलंबसच्या, म्हणजे ओहायो स्टेटच्या गावाच्या शेजारून) नमस्कार. विस्तृत प्रतिसाद जेवणानंतर. तोवर एवढंच विचारतो: तुमचा क्वार्टरबॅक कोण?

निळीशाई | १८ ऑगस्ट, सकाळी १०:११

धागा ओहायो स्टेटचा आहे. विषयांतर करू नये.

पोहेवाला | १८ ऑगस्ट, सकाळी १०:३०

पुण्याहून एक बाळबोध प्रश्न. चेंडू हातात धरून पळतात, हातानेच फेकतात, तर याला फुटबॉल का म्हणतात? आणि कॉलेजातल्या पोरांच्या खेळाला एक लाख माणूस जातं हे खरं का? आमच्या कॉलेजच्या सामन्याला आम्ही अकरा, ते अकरा आणि एक कुत्रं असायचं.

खडूसमास्तर | १८ ऑगस्ट, सकाळी ११:१५

पोहेवाले, नावाचा वाद सोडा. चार डावांत दहा यार्ड पुढे सरकायचं, सरकलात तर पुन्हा चार डाव. नाही सरकलात तर चेंडू समोरच्यांना. कबड्डीचं अंग आणि बुद्धिबळाचं डोकं. लाखाचं मात्र खरं. मिशिगनच्या स्टेडियमची क्षमता १,०७,६०१ आहे आणि ओहायो स्टेटच्या घोड्याच्या नालेसारख्या स्टेडियमची १,०२,७८०. कुत्री मोजलेली नाहीत.

आता मूळ मुद्दा. निळीशाई वाढप्यांबद्दल बोलले ते बरोबर, पण अर्धवट. रायन डेचा हिशोब ५६ विजय, ८ पराभव. असा हिशोब असलेल्या माणसाला एरवी गावात पुतळा मिळतो. पण त्या आठांतले तीन मिशिगनकडून, लागोपाठ: २०२१ ला ४२-२७, २०२२ ला ४५-२३, २०२३ ला ३०-२४. म्हणून त्याला कोलंबसात दूध आणायला जायची चोरी. हे सगळं वऱ्हाड एका शनिवारसाठी जमवलंय. एका सामन्यासाठी बांधलेला संघ बाकीचे सामने जिंकतोच, पण त्याच एका सामन्यात त्याचे हात थरथरतात. आपल्याकडे बोर्डात येणारी मुलं गणिताच्या पेपरला घामाघूम व्हायची ना, तसं.

टोलेडोची_सून | १८ ऑगस्ट, दुपारी १२:५०

माझ्या घरची परिस्थिती सांगते. नवरा कोलंबसचा पदवीधर, मुलगा गेल्या वर्षीपासून ॲन आर्बरला. आम्ही राहतो टोलेडोत, म्हणजे दोन राज्यांच्या बरोब्बर कुंपणावर. फ्रिजच्या दारावर मध्यभागी चिकटपट्टी लावलेली आहे. डावीकडे लाल चुंबक, उजवीकडे निळे. मिशिगनच्या सामन्याच्या आठवड्यात नवरा किराणा मालाच्या यादीतलं ‘एम’ अक्षरही खोडतो, तिकडे विद्यापीठात पाट्यांवरचे ‘एम’ लाल पट्टीने झाकतात तसं. गेल्या वर्षी यादीत ‘ ilk’ आणि ‘ ethi’ होतं. मी दूध आणि मेथी आणलीच नाही. म्हटलं, मला वाचता आलं नाही.

पोहेवाला | १८ ऑगस्ट, दुपारी १:०२

ताई, देवनागरीत यादी करा. ‘म’ खोडला तर मेथीचं नुसतं ‘थी’ उरेल, पण नवऱ्याला ‘मीठ’ही मिळणार नाही.

बकायभाऊ | १८ ऑगस्ट, दुपारी २:३०

जेवण झालं. आता ऐका.

१) विल हॉवर्ड. लोक त्याला कामचलाऊ म्हणतात. हा गडी २०२२ मधे कॅन्सस स्टेटसाठी त्यांच्या बिग ट्वेल्व गटाची फायनल जिंकून बसलाय. गेल्या वर्षी आमच्याकडे मार्व्हिन हॅरिसन ज्युनियरसारखा रिसीव्हर होता, पण चेंडू पोचवणारा हमाल कच्चा होता. यंदा हमाल पोक्त आहे.

२) गेल्या वर्षी पाट्या टाकल्या त्या ऑफेन्सने, म्हणजे चढाईवाल्यांनी. डिफेन्स, म्हणजे बचाव, उत्तम होता आणि तो जवळजवळ अख्खा परत आलाय. वर डाउन्स. म्हणजे आधीच दणकट असलेल्या वाड्याला दिंडी दरवाजा.

३) आणि हे नीट वाचा: यंदापासून प्लेऑफ, म्हणजे विजेता ठरवणारी बाद फेरी, बारा संघांची. पूर्वी चारच जायचे, तेव्हा मिशिगनशी हरलो की दुकान बंद. आता एक काय, दोन पराभव पचवूनही ट्रॉफी मिळू शकते. तुमचा तो पवित्र शनिवार आता सराव परीक्षा आहे, निळीशाई. वार्षिक परीक्षा जानेवारीत.

निळीशाई | १८ ऑगस्ट, दुपारी २:४४

हे बोललात ते बोललात. कोलंबसात मोठ्याने बोलू नका.

तो शनिवार सराव परीक्षा? मी गेल्या वर्षी स्टेडियमात होतो. आमच्या लाइनमधल्या झॅक झिंटरचा पाय मोडला, त्याला गाडीवरून नेलं, लाखभर माणसं गप्प. शेजारच्या अनोळखी आजीने माझा हात धरला होता, हातमोज्यासकट. आणि लगेच पुढच्याच डावात आमचा ब्लेक कोरम बावीस यार्ड पळत सुटला. आजीने माझा हात एवढ्या जोरात वर उचलला की दोन दिवस खांदा दुखत होता. असल्या गोष्टी बारा संघांच्या तक्त्यात कुठल्या रकान्यात लिहिणार?

बकायभाऊ | १८ ऑगस्ट, दुपारी २:५१

त्या रकान्याचं नाव ‘चोरलेल्या खुणा’. समोरच्या कोचच्या खुणा चोरल्याचा आरोप तुमच्यावरच होता ना! हलके घ्या.

निळीशाई | १८ ऑगस्ट, दुपारी २:५३

नियमित हंगामाच्या शेवटच्या तीन सामन्यांना आमचा कोच निलंबित होता, तरी तिन्ही जिंकलो. पंचवीस सेकंद राहिलेली असताना तुमच्या क्वार्टरबॅक मकॉर्डचा पास आमच्या रॉड मूरच्या हातात पडला, त्याला कुठली खूण लागते?

खडूसमास्तर | १८ ऑगस्ट, दुपारी ३:२०

खुणांवरून धागा पेटवू नका, संपादक कुलूप लावतील. जाता जाता, मकॉर्ड आता सिराक्यूज विद्यापीठाला गेलाय. पराभवाचं खापर फोडून घेऊन गाव सोडणारा तो पहिला नाही.

मृण्मयी_नोव्हाय | १८ ऑगस्ट, सायं. ५:०५

तुमचं सगळं ठीक आहे, पण मला वेगळीच चिंता. ७ सप्टेंबरला गणेशचतुर्थी, शनिवार. त्याच दिवशी दुपारी बाराला ॲन आर्बरला टेक्सास विरुद्ध मिशिगन. मी यंदा मंडळाच्या सजावटीत आहे. आतापर्यंत पाच पुरुषांनी ‘प्रतिष्ठापना सकाळी नऊलाच उरकता येईल का’ विचारलंय. एकाने पंचांग दाखवून विचारलं! तो माणूस एरवी मुहूर्त मानत नाही.

लेझीम | १८ ऑगस्ट, सायं. ५:४०

अवांतर: कॅलेंडर काढून बघा, यंदा गंमतच आहे. ओहायो स्टेटचा ओरेगनचा सामना १२ ऑक्टोबरला, म्हणजे दसरा. युजीनला जाऊन खेळायचंय, म्हणजे अक्षरशः सीमोल्लंघन. पेन स्टेटला सामना २ नोव्हेंबरला, म्हणजे पाडवा. वेळापत्रक कुणी दाते पंचांग बघून केलंय का?

अति अवांतर: मला खेळातलं काही कळत नाही. लेक शाळेच्या बँडमधे ट्रम्पेट वाजवते म्हणून आम्ही एकदा कोलंबसला गेलो होतो. त्यांचा बँड मैदानावर चालत चालत ‘ओहायो’ हा शब्द अक्षर अक्षर लिहितो, आणि शेवटी एक जण भलंमोठं सूझाफोन घेऊन रुबाबात पुढे येतो आणि ‘आय’वर टिंब होऊन उभा राहतो. त्या टिंबासाठी पोरं चार-पाच वर्षं बँडमधे घासतात. मी पुण्यात ढोलपथकात होते. ध्वज मिळावा म्हणून आम्ही काय काय केलं ते आठवून डोळ्यात पाणी आलं. सामना कोण जिंकलं विचारू नका, आम्ही मध्यंतरानंतर निघालो, गाडी लांब लावली होती.

बकायभाऊ | १८ ऑगस्ट, सायं. ५:५५

लेझीम, या एका प्रतिसादासाठी तुम्हाला आमच्याकडून बकाय पाठवतो. (पोहेवाले विचारायच्या आत: बकाय म्हणजे इथल्या एका झाडाचं बी, हरणाच्या डोळ्यासारखं दिसतं. ते विषारी. पण त्याच्यासारखी दिसणारी मिठाई करतात. शेंगदाण्याच्या लोण्याचा लाडू वळायचा, चॉकलेटमधे बुडवायचा, वर थोडा उघडा ठेवायचा. माझी बायको त्यात वेलची घालते. धर्म बुडाला म्हणतात शेजारी, पण डबा रिकामा करून देतात.)

आबा_फार्मिंग्टन | १९ ऑगस्ट २०२४, सकाळी ६:१०

मुलांनो, रात्री वाचलं, सकाळी लिहितोय. टायपिंग हळू आहे.

मी १९७२ ला ॲन आर्बरला एमएसला आलो. तेव्हा कोच वुडी हेस तिकडे, बो शेंबेक्लर इकडे. बो हा वुडीच्याच हाताखाली तयार झालेला. १९६९ ते ७८ ही दहा वर्षं त्यांचं युद्धच चाललं होतं. १९७३ चा सामना मी पाहिला. दोघेही अपराजित. मला नियम अर्धेच कळत होते, थंडी मात्र पूर्ण कळत होती. आईने पाठवलेली कानटोपी घातली होती, माकडटोपी म्हणतात ती, सगळे माझ्याकडे बघत होते. चौथ्या क्वार्टरपर्यंत पुढच्या रांगेतल्या दोघांनी विचारलं, ही कुठे मिळते.

१०-१० बरोबरी झाली. आमचा क्वार्टरबॅक डेनिस फ्रँकलिनचं गळपट्टीचं हाड मोडलं. दुसऱ्या दिवशी आमच्या बिग टेन गटाच्या ॲथलेटिक डायरेक्टरांनी मतदान करून ओहायो स्टेटला रोझ बोल या मानाच्या सामन्याला पाठवलं. मैदानात बरोबरी, आणि निकाल टेबलावर! बोच्या मनाला ते आयुष्यभर लागलं. मलाही. मी आलो होतो मेकॅनिकलला, झालो मिशिगनवाला.

म्हणून बकायभाऊंचं बारा संघांचं बोलणं वाचून वाईट वाटलं, पण चूक म्हणवत नाही. तेव्हा एकच दार होतं म्हणून त्या दाराशी एवढी मारामारी. आता बारा दारं आहेत. माणूस हरूनही घरात शिरेल.

आणि टोलेडोच्या सूनबाई, तुमचं गाव मुळात आमचं होतं. १८३५ ला दोन्ही बाजूंची फौज त्या पट्टीसाठी उभी राहिली होती. एका शेरीफच्या माणसाला खिशातल्या चाकूची जखम झाली, बाकी रक्त नाही. शेवटी टोलेडो त्यांना मिळालं आणि आम्हाला वरचं द्वीपकल्प देऊन राज्याचा दर्जा दिला. तारीख २६ जानेवारी १८३७. हो, २६ जानेवारी.

टोलेडोची_सून | १९ ऑगस्ट, सकाळी ७:३०

आबा, नमस्कार करते. आमचं माहेर बेळगाव. म्हणजे माझ्या नशिबात सीमाभागच लिहिलेला दिसतोय. तिथे पाट्यांवरून भांडण, इथे फ्रिजवरून.

खडूसमास्तर | १९ ऑगस्ट, सकाळी ८:००

आबांच्या प्रतिसादाला +१००. दारांची उपमा चपखल.

माझा अंदाज नोंदवून ठेवतो: ओरेगनला हरतील, पेन स्टेटला जिंकतील, मिशिगनला जिंकतील (निळीशाई, क्षमस्व, पण तुमच्याकडे खरंच क्वार्टरबॅक नाही). प्लेऑफमधे उपांत्य फेरीत बाद. लाइनमधल्या एकाला जरी दुखापत झाली तर त्याआधीच.

निळीशाई | १९ ऑगस्ट, सकाळी ९:१५

आबा, आता तुमच्यापुढे काय बोलणार.

बकायभाऊ, पैज लावा. नोव्हेंबरात हरलात, तर आमच्या मंडळाच्या संक्रांतीला येऊन निळा सदरा घालून तिळगूळ वाटायचा. आणि ती ट्रॉफी जिंकलात, तर त्याच कार्यक्रमात मी लाल सदरा घालेन. छातीवर ‘ओ’ असलेला.

बकायभाऊ | १९ ऑगस्ट, सकाळी ९:१७

लागली. माप एक्सएल. माझं नाही, तुमचं सांगून ठेवतो. लाल रंगात माणूस जाड दिसतो.

मृण्मयी_नोव्हाय | ७ सप्टेंबर २०२४, रात्री ९:२०

कळवण्यास आनंद होतो की प्रतिष्ठापना ठरल्या वेळी झाली. कळवण्यास खेद होतो की टेक्सास ३१, मिशिगन १२. आरतीला सगळे पुरुष हजर होते, आणि ‘दुःखहर्ता’वर आवाज जरा जास्तच चढला.

बकायभाऊ | ७ सप्टेंबर, रात्री ११:१०

आमचे ५६-०. मोदक कमी पडले म्हणून परत केले तर चालतील का?

खडूसमास्तर | १२ ऑक्टोबर २०२४, रात्री ११:५५

ओरेगन ३२, ओहायो स्टेट ३१. एक गुण! शेवटी हॉवर्ड पळत पळत खाली बसला तेव्हा घड्याळात काहीच उरलं नव्हतं. शिवाय लाइनमधला डावा टॅकल जॉश सिमन्स जखमी. मी ऑगस्टात काय म्हटलं होतं?

लेझीम | १३ ऑक्टोबर, सकाळी ८:३०

सीमोल्लंघन झालं, सोनं तिकडेच राहिलं.

निळीशाई | ३० नोव्हेंबर २०२४, दुपारी ४:०५

१३-१०

निळीशाई | ३० नोव्हेंबर, दुपारी ४:२०

माफ करा, मघाशी एवढंच टाइप करता आलं, हात थरथरत होता.

वीसेक गुणांनी हरू असं सट्टेवाले म्हणत होते. आमच्या क्वार्टरबॅकने अख्ख्या सामन्यात फक्त ६२ यार्ड पास फेकले. बासष्ट! आणि तरी. कारण काय? मक्लॉफ्लिनही जायबंदी, मधोमध भगदाड, आणि हे वेडे पुन्हा पुन्हा त्याच मधोमध ग्रॅम-ग्रँटच्या अंगावर धावत राहिले. बाहेर जेरेमाया स्मिथ उभा आहे, आणि तुम्ही भिंतीवर डोकं आपटताय! दोन फील्ड गोल (किक मारून मिळणारे गुण) त्यांचे हुकले. शेवटी आमचा मुलिंग्ज सत्तावीस यार्ड पळाला आणि पंचेचाळीस सेकंद असताना झ्वाडाने किक मारली. वाढपी, मंडळी. मी वाढपीच म्हटलं होतं.

टोलेडोची_सून | ३० नोव्हेंबर, सायं. ५:००

नवरा गॅरेजमधे आहे. काय दुरुस्त करतोय माहीत नाही, गाडी बाहेर आहे.

आबा_फार्मिंग्टन | ३० नोव्हेंबर, सायं. ६:४५

सामना सुंदर. नंतर मधोमध झेंडा रोवायला जाऊन जी हाणामारी झाली, पोलिसांना मिरचीचा फवारा मारावा लागला, ते आवडलं नाही. जिंकल्यावर माणसाने घरी जावं.

बकायभाऊ | ३० नोव्हेंबर, रात्री ११:३०

निळा सदरा मागवला. बोलायची इच्छा नाही. एवढंच सांगतो, अजून दारं उघडी आहेत. मी तेव्हाच म्हटलं होतं, पण आज ते म्हणताना माझ्याच तोंडाला चव नाही. सराव परीक्षेत नापास होऊन पण घरी सांगायची भीती वाटतेच की.

खडूसमास्तर | २१ जानेवारी २०२५, सकाळी ७:००

धागा वर काढतोय, कारण हिशोब पुरा करायला हवा. ओहायो स्टेट आठव्या मानांकनावर प्लेऑफमधे शिरली. टेनेसी ४२-१७. ओरेगनची परतफेड ४१-२१. टेक्सास २८-१४, त्यात सॉयरने निसटलेला चेंडू उचलून ८३ यार्ड पळवला. आणि काल रात्री अटलांटाला नोत्र दामला ३४-२३. शेवटी तिसऱ्या डावात अकरा यार्ड हवे असताना हॉवर्डने ज्याला ५६ यार्डांचा चेंडू टाकला तो जेरेमाया स्मिथ, ज्याला नोव्हेंबरात विसरले होते तोच.

माझा उपांत्य फेरीचा अंदाज चुकला, मिशिगनचाही चुकला. ओरेगन आणि पेन स्टेट बरोबर. चारात दोन. गणितात मी असा कधी नव्हतो.

निळीशाई | २१ जानेवारी, सकाळी ७:४०

अभिनंदन, बकायभाऊ. मनापासून. डेला आता दूध आणायला जाता येईल. एक विचारू? खरं सांगा, ट्रॉफी हातात आल्यावर ३० नोव्हेंबर पुसला गेला का?

बकायभाऊ | २१ जानेवारी, सकाळी ८:२५

नाही.

शनिवारी किती वाजता यायचं?

मृण्मयी_नोव्हाय | २६ जानेवारी २०२५, सकाळी १०:१५

काल कार्यक्रमाला जे आले नव्हते त्यांच्यासाठी वृत्तांत. संक्रांत म्हणून सगळं सभागृह काळ्या कपड्यांत. मधोमध दोनच रंगीत माणसं: कोलंबसहून तीन तास गाडी चालवून आलेले बकायभाऊ निळ्या सदऱ्यात, हातात तिळगुळाचं ताट. आणि आमचे निळीशाई लालमधे (जाड दिसत होते). दोघंही एकमेकांच्या बाजूच्या लोकांना तिळगूळ देऊन ‘गोड बोला’ म्हणत होते आणि कुणीच बोलत नव्हतं. आबा माकडटोपी घालून आले होते. बकायभाऊंच्या बायकोने वेलचीवाल्या बकायचा डबा आणला होता, तो तिळगुळाआधी संपला. डबा माझ्याकडे राहिलाय. कोलंबसला कोण जाणार आहे का?